पाइपकाकांची हलकी पँट

आमच्या काकांना सगळे पाइपकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. डोंगरावरच्या तळ्यापासून खाली आमच्या टाकीपर्यंत पाण्याचा जो कमरेएवढा लोखंडी पाइप येतो, त्याच्या कडेकडेनं चालत जाणं ही काकांची नोकरी. एकोणीस किलोमीटर, सत्तावीस चेंबर, कुठं गळती, कुठं नट ढिला, कुठं कुणी भोक पाडून फुकटात बाग फुलवलेली. बावीस वर्षं हेच. पाइपाला कान लावून आत पाणी किती जोरात चाललंय ते काका सांगतात. काकू म्हणते, "लोखंडाचं ऐकू येतं यांना. बायको समोर उभी राहून बोलली तर 'काय?' म्हणतात."

काका चालताना किंचित डावीकडे कलतात. कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं. "पाइप उतारावरून येतो बाबा. एक पाय वरच्या अंगाला, एक खालच्या. इतकी वर्षं चालून बघ, तूही कलशील." मला हे लहानपणी इतकं पटलं होतं की 'माझे आवडते व्यक्तिमत्त्व' या निबंधात मी ते रंगवून लिहिलं. मास्तरांनी 'निरीक्षण चांगले' असा शेरा दिला. परत येताना वरचा पाय खालचा होतो आणि खालचा वरचा, मग माणूस दोन्हीकडे कलायला हवा, हे ना मला सुचलं ना मास्तरांना.

मी स्वतः एका दुकानात कामाला आहे. डोंगर चढणाऱ्यांचे बूट, पाठपिशव्या, टोप्या आणि पँटी विकतो. उन्हाळ्यात हौसेनं डोंगर चढणाऱ्यांची आधी डोकी तपासावीत असं काकांचं स्पष्ट मत. मीही त्याच मताचा आहे, पण माझा पगार त्या डोक्यांवर निघतो, म्हणून मी फक्त कंबर मोजतो.

तर यंदाच्या उन्हाळ्यात काका दुकानात आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

झालं होतं असं. दर उन्हाळ्यात एक दिवस सगळी लाइन एका दमात, वरपासून खालपर्यंत, तपासायची असते. गेल्या वर्षी त्या दिवशी काका अकराव्या चेंबरपाशी भोवळ येऊन पडले. शेळ्या चारणाऱ्या एका माणसानं पाहिलं म्हणून वाचले. घरी मात्र "शिळं काहीतरी खाल्लं होतं" एवढ्यावर विषय मिटवला आणि स्वयंपाक काकूचा असल्यामुळे काकू दोन दिवस बोलली नाही. पण ऑफिसात त्याची नोंद झाली. यंदा नव्या इंजिनिअर बाई आल्या. वयानं लहान, कागद वाचणाऱ्या. त्यांनी ती नोंद वाचली आणि फतवा काढला: जाड गणवेशाची सक्ती नाही; लाइनवर येणाऱ्यानं हलकी, सैल, फिक्या रंगाची पँट घालावी; जाड कपड्यात आलेल्याला फाटकावरूनच परत पाठवलं जाईल. आणि या वेळी बाई स्वतः सगळी लाइन काकांबरोबर चालणार होत्या.

आता यात वाईट काय आहे? कुणीही म्हणेल, भली बाई दिसते. मीही म्हणालो.

"भली आहे," काका म्हणाले. "दाखव पँटी."

मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. कडक उन्हात आखूड चड्डी घालायची नाही, नडग्या भाजतात आणि काटे लागतात. डेनिम तर नकोच, ती पँट नसते, भट्टी असते. पातळ सुती कापडात हवा खेळते, पण घाम धरून ठेवतं आणि मांड्या घासतात. हे बघा, हे मिश्र कापड, विणकाम मोकळं, घाम आला तरी दहा मिनिटांत वाळतं, वजन तर एवढंसं. मी पँट बोटावर टांगून दाखवली.

काकांनी ती घेतली, खिडकीपाशी गेले आणि उजेडासमोर धरली.

"आरपार दिसतं की रे!"

"काका, पातळ आहे म्हणजे थोडं दिसणारच. कोण बघतंय?"

"दुसरी दाखव."

दुसरी, तिसरी, पाचवी. प्रत्येक पँट खिडकीपाशी जाऊन आली. मग म्हणाले, "ही तू घाल."

"मी?"

"घाल आणि पंख्यासमोर उभा राहा."

मालक गल्ल्यावरून बघत होते. मी पँट चढवली आणि पंख्यासमोर पुतळ्यासारखा उभा राहिलो. काका गुडघ्यावर बसून माझ्या पोटऱ्या बघू लागले. वाऱ्यानं कापड पायाला चिकटलं, पोटरीचा गोल स्पष्ट दिसला.

"चिकटते," काका म्हणाले.

"वारा आल्यावर चिकटणारच! लग्नाला उभं राहायचंय का तुम्हाला? पाइपच बघणार ना तुमच्याकडे!"

मालक हसले. काका हसले नाहीत. माझी जीभ तशी सैल आहे. विक्रेत्याची असावी लागते, पण त्या दिवशी ती जरा जास्तच सुटली. मी म्हणालो, या वयात काकांना पोटऱ्यांची लाज वाटायला लागली आहे आणि काकूला सांगितलं पाहिजे.

शेवटी राखाडी रंगाची एक, कमरेला दोन मापं मोठी, त्यांनी निवडली. घालून बघायला तयार नव्हते. मी जबरदस्तीनं कपडे बदलायच्या खोपटात ढकललं. दोन मिनिटांनी आठवलं की हिच्यासोबत पट्टा मिळतो, आणि पट्टा द्यायला मी पडदा बाजूला केला. विचारायची पद्धत आहे, मी विचारलं नाही. घरचं माणूस.

काकांची जुनी खाकी पँट जमिनीवर होती. उजवा पाय नेहमीसारखा चुरगळून पडलेला. डावा पाय उभा होता. रिकामा, आणि तरी आपल्या आपण उभा, गुडघ्यापर्यंत, जसा कुणाचा तरी पाय अजून त्यात आहे. आत जाड ब्लँकेटचं अस्तर शिवलेलं होतं, पोटरीच्या जागी दुहेरी, तिहेरी.

मग मी काकांच्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय डोंगर चढणाऱ्या माणसाचा, दगडासारखा. डावा गुडघ्याखाली माझ्या मनगटाएवढा.

मी पट्टा हातात धरून उभा होतो.

"पाहिलंस?" काका म्हणाले.

"काय?"

"शहाणा आहेस," असं म्हणून त्यांनी पडदा ओढला.

आमच्या घराची ही रीतच आहे. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाला काहीच माहीत नसतं. आईला विचारलं तर ती भांडी घासतच म्हणाली, "चार वर्षांचे होते, ताप आला होता. आणि तुला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नाही म्हटल्यावर, "मग विचारतोस कशाला?"

पुढचं मी काकूकडून काढून घेतलं. काका आधी रोजंदारीवर लागले, तेव्हा कुणी पाय बघितले नाहीत, पाट्या उचलता येतात का एवढंच बघितलं. कायम व्हायची वेळ आली तेव्हा एक फॉर्म आला. त्यात रकाना होता, 'शरीराच्या अवयवात काही दोष आहे काय?' काकांनी लिहिलं, 'नाही'. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, जीभ बघितली आणि सही केली. त्या 'नाही' वर बावीस वर्षं उभी होती. तेव्हापासून काकू दर नव्या पँटीत डाव्या पायाला ब्लँकेट शिवते. लग्नातलं एक आख्खं ब्लँकेट असं संपलं, दुसरं निम्म्यावर आलं आहे.

"कळलं तर काय करतील?" मी विचारलं.

"पंपहाउसात बसवतील," काकू म्हणाली. "तेही दया आली तर. खोटं लिहिलं म्हणून घरी पाठवलं, तर निवृत्तीचं वेतनही गेलं."

पंपहाउस मी पाहिलं आहे. बिनखिडकीची खोली, दोन मोटारी, चोवीस तास घरघर. तिथला माणूस आता सगळ्यांशी ओरडून बोलतो आणि कुणाचंच ऐकत नाही. काका त्याच्या दारावरून जाताना पावलं उचलून जातात.

लाइन तपासायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू जमिनीवर बसून माझ्या दुकानातल्या त्या नाजूक पँटीत ब्लँकेटचा तुकडा शिवत होती. टाका घातला की पातळ कापड गोळा व्हायचं.

"काकू, अगं मग हलकी पँट घेऊन उपयोग काय? एका पायात उन्हाळा, एका पायात हिवाळा!"

"तू बोलू नकोस. असली कागदासारखी पँट विकतोस आणि वर तोंड करून बोलतोस."

"काका, एक दिवस आजारी पडा. खोटं खोटं."

काका खाटेवर बसून चेंबरच्या चाव्या पुसत होते. "खोटं एकदाच लिहितो माणूस," ते म्हणाले. "नंतर नुसतं सांभाळतो." मग काकूला, "पोटरीवर एक पदर कमी कर गं. गेल्या वर्षी तिथूनच पेटलं होतं."

काकूनं एक पदर कमी केला. एकच.

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस डिग्री होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही. काही काकांनी सांगितलं, बरंच इंजिनिअर बाईंनी, आणि दोघांचं जिथं जुळतं तेवढंच लिहितो.

फाटकावर बाईंनी काकांची पँट बघून मान डोलावली. स्वतः जाड जीन्स घालून आल्या होत्या. काटे लागतात म्हणे. काकांनी निघताच सांगितलं, "मॅडम, नवीन माणसानं पुढं चालायचं. लाइनचा नियम आहे." असा नियम कुठल्याही लाइनवर नाही. पण बाई पुढे चालू लागल्या आणि काका मागे निर्धास्त. वाऱ्यावर उजवा पाय झेंड्यासारखा फडफडत होता, डावा पोत्यासारखा लोंबत होता.

सातव्या चेंबरपर्यंत गप्पा होत्या. नवव्यानंतर दोघंही गप्प. दहाव्यापाशी काकांच्या लक्षात आलं की आपला घाम थांबलाय. कपाळ कोरडं. हातांवर काटा आलेला, त्या उन्हात. गेल्या वर्षीही आधी असाच काटा आला होता, आणि त्यानंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं.

मला नंतर म्हणाले, "पडलो असतो तर पडलो असतो रे. पण ती पोरगी मदत आणायला पळाली असती. तेराव्या चेंबरनंतर वाटेला फाटा आहे, तिथं सगळे चुकतात. एकाच्या जागी दोन गेले असते." त्या उन्हातल्या काकांच्या डोक्यात काय काय आलं असेल मला माहीत नाही, पण मला त्यांनी एवढंच सांगितलं आणि लगेच पाणी मागितलं.

अकराव्या चेंबरला हवा सोडायचा एक व्हॉल्व्ह आहे. तो वर्षानुवर्षं थेंब थेंब गळतो आणि काका तो मुद्दाम नीट करत नाहीत, पाखरं पाणी पितात म्हणून. त्याच्याशेजारी ते खाली बसले. पाइपाच्या जोडातलं पॅकिंग कापायची सुरी काढली आणि डाव्या पायाची शिवण घोट्यापासून वर उसवायला लागले. बाई धावत मागे आल्या. त्यांना वाटलं, साप चावला.

काकांनी आतून ब्लँकेट ओढून काढलं.

"काका, हे काय?"

"ब्लँकेट."

"पायात?"

"पायाला थंडी वाजते."

"सत्तेचाळीस डिग्रीत?"

काकांनी तो तुकडा थेंबाखाली धरला, भिजायला पाच मिनिटं लागली, आणि पिळून डोक्यावर घेतला. उसवलेल्या पँटीतून त्यांचा पाय बाहेर होता. बाईंनी पाहिला. बघायचं नाही असं ठरवूनही दिसेल, अशीच ती जागा होती, काका उन्हात, आणि झाड म्हणाल तर एकही नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"चार वर्षांचा होतो."

दोघं अर्धा तास पाइपाच्या अरुंद सावलीत बसले. ब्लँकेट पुन्हा दोनदा भिजवलं. एकदा बाईंच्या डोक्यावर गेलं, कारण जीन्सनं त्यांचीही गत तशीच केली होती. मग बाई म्हणाल्या, "आता तुम्ही पुढे चला."

"नवीन माणूस पुढं असतो, मॅडम."

"काका, पुरे."

काका पुढे चालले. उरलेले सोळा चेंबर उघडले, बंद केले. सतराव्यात नट ढिला होता, तो आवळला. खाली टाकीपाशी पोचल्यावर बाईंनी वही मिटली आणि विचारलं, "फॉर्मवर अवयवाच्या रकान्यात काय लिहिलंय तुम्ही?"

"नाही, असं लिहिलंय."

"मी पाहिलं ते मला लिहावं लागेल. नाही लिहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पडलात की ते माझ्यावर."

"लिहा," काका म्हणाले. "सत्तावीस चेंबर झाले, तेपण लिहा."

"लिहीन."

आठ दिवसांनी पत्र आलं. तीन आठवड्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि तोवर लाइनवर पाऊल टाकायचं नाही. काका घरी बसले. घरी बसलेला चालणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. सकाळी उठून बूट घालायचे, मग काढायचे. नळ सोडला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन धार बघायचे आणि परत जायचे. काकू माझ्यावर भडकलेली. "तुझ्या त्या मेल्या पँटीनं घात केला. खाकी असती तर उसवलीच नसती."

"खाकी असती तर माणूस उरला नसता, काकू."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून काय तुला बोलायचं नाही का मी?"

मधल्या काळात इंजिनिअर बाई दुकानात आल्या. जीन्सचं नाव काढलं नाही. काकांसारखीच, राखाडी, हलकी पँट हवी म्हणाल्या. मी पँटी काढून समोर ठेवल्या. त्यांनी दोन पँटी उलटसुलट केल्या आणि एकदम विचारलं, "माझं चुकलं का हो?"

"कंबर किती?" मी म्हणालो.

कंबर सांगून, मग लाइनवरच्या त्या दिवसाचं सगळं सांगून त्या म्हणाल्या, "तो हलक्या पँटीचा नियम मी त्यांच्यासाठीच काढला होता. त्यांनी पुन्हा पडू नये म्हणून." मी मान डोलावली. नियम चांगला होता. त्यांनी लिहिलं तेही बरोबर होतं. दोन्ही बरोबर गोष्टींखाली सापडला तो आमचा माणूस, आणि हे मी गिऱ्हाइकाला कसं सांगणार? पँट बांधून दिली. दारातून वळून म्हणाल्या, "पंपहाउसची शिफारस मी केलेली नाही. पण निर्णय घेणाऱ्या समितीत मी एकटी नाही."

तपासणीच्या सकाळी मी काकांना न्यायला गेलो. राखाडी पँट धुऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवली होती. डावा पाय फुगलेला. काकूनं पुन्हा ब्लँकेट शिवलं होतं. हातांना बावीस वर्षांची सवय.

काका बघत राहिले. "काढ ते."

"अहो, लोक बघतील."

"बघायलाच बोलावलंय."

काकूनं टाके उसवले. शेवटचा धागा नेहमीसारखा दातानं तोडला आणि तुकडा पदराखाली धरून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

रस्त्यानं वारा होता. कापड पायाला चिकटत होतं आणि एक पाय काठीसारखा दिसत होता. मी नकळत काकांच्या डाव्या बाजूला झालो, लोकांच्या आणि त्या पायाच्या मधे.

"इकडे उजवीकडे ये," काका म्हणाले. "तिकडे ऊन आहे."

तपासणी वीस मिनिटं चालली. बाहेर आले तेव्हा म्हणाले, डॉक्टरांनी शिंप्यासारख्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले काही नाहीत. लिहिलं."

निकाल पंधरा दिवसांनी कळणार होता. हे लिहितोय तोवर कळलेला नाही. परतताना मी वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, लाइनवर परत घेतलं तर दुसरी पँट दुकानातर्फे भेट, मालकांना मी पटवतो.

"दुसरी लागणारच," काका म्हणाले. "पंपहाउसात काय कमी उकडतं?"

पुलापाशी पाइप जमिनीतून वर येतो आणि रस्त्याला लागून वीसेक पावलं उघडा चालतो. तिथं काका थांबले. सवयीनं वाकले, मग सरळ झाले आणि दोन्ही हात मागे बांधून चार हात लांब उभे राहिले.

"तू लाव कान," ते मला म्हणाले. "मला मनाई आहे."

येणारे-जाणारे बघत होते. मी वाकून कान टेकवला. लोखंड तापलेलं होतं, कान भाजला.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही. नुसती गुणगुण."

"बारीक की भरून?"

मला कळेना. मी पुन्हा कान टेकवला.

"नीट ऐक," काका म्हणाले.